मंजूर भार

सोमवार, १० जून २०२४

स्कॅनर आज पुन्हा अर्ध्या पानावर अडला. काचेखालचा दिवा सरकत निम्म्यापर्यंत आला, थबकला, आणि पडद्यावर तोच निरोप: यूएसबी उपकरण ओळखता येत नाही. ग्रंथपालबाईंनी वायर उपसली, परत खोचली, टुंग झालं, काम पुढे सुरू. त्यांच्या लेखी विषय संपला. पण पान पुन्हा काचेवर पालथं घालावं लागतं, ते कोण मोजणार? हे खंड साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मासिकांचे. शिवण सैल, कडेला बोट लागलं की भुगा. एकदा दाबून भागतं तिथे दोनदा दाबलं तर पुढच्या पिढीला कागदाऐवजी कचरा मिळेल.

कार्यवाह म्हणाले, "काका, संगणकच म्हातारा झालाय, काढून टाकू." म्हातारा झालाय खरा. २०११ ची खरेदी, कोअर टू ड्युओ, जी-४१ चा मदरबोर्ड, वर विंडोज ७. पण प्रोसेसर थकला तर पान सावकाश येईल, स्कॅनर मधूनच बेपत्ता कसा होईल? चालू उपकरण अचानक बंद पडून आपोआप सुरू होत असेल, तर आधी पुरवठा बघायचा आणि मग उपकरणाला दोष द्यायचा, हे उभ्या नोकरीत शिकलो. (कंपनीचं नाव महावितरण होऊन एकोणीस वर्षं झाली, तोंडात अजून एमएसईबीच येतं.)

टेबलाखाली वाकलो. मागे चार पोर्ट. एकात प्रिंटर, एकात वायफायचा डोंगल, एकात वेबकॅम, आणि चौथ्यात चार तोंडांचा एक काळा हब. त्या हबवर स्कॅनर, पोर्टेबल हार्डडिस्क, बारकोडची गन आणि माउस. कीबोर्ड जुन्या जांभळ्या गोल पिनेचा, तो या भानगडीत नाही. समोरच्या दोन पोर्टपैकी एक ढिला. दुसऱ्यावर सभासदांचे पेनड्राइव्ह.

हबला अ‍ॅडॉप्टर नाही. अ‍ॅडॉप्टर लावायला भोकही नाही.

बुधवार, १२ जून

आज डिव्हाइस मॅनेजर उघडून बसलो. हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर नावाचा एक टॅब असतो, तिथे फारसं कोणी जात नाही. जावं. आपल्या घरच्या वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तसा तिथे प्रत्येक उपकरणाने मागितलेला भार लिहिलेला असतो.

यूएसबीचा हिशेब सोपा आहे. पुरवठा ५ व्होल्टचा. यूएसबी २.० च्या एका पोर्टवरून जास्तीत जास्त ५०० मिलीअँप, तेही शंभर-शंभरच्या पाच हप्त्यांत. संगणकाच्याच विजेवर चालणाऱ्या हबने त्यातले शंभर स्वतःसाठी ठेवायचे आणि उरलेले चारशे पुढे वाटायचे, एका तोंडाला शंभर. अशा हबला चार तोंडं का असतात, याचं उत्तर एवढंच. सात तोंडांचा बिन-अ‍ॅडॉप्टरचा हब दुकानात टांगलेला दिसतो, तो हा हिशेब न करताच बनवलेला असतो. ज्या हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे त्याने मात्र प्रत्येक तोंडाला पुरे ५०० द्यायचे.

आमच्या काळ्या हबचा टॅब उघडला तर काय लिहिलेलं? हा हब स्वतःच्या विजेवर चालतो; प्रत्येक पोर्टला ५०० मिलीअँप उपलब्ध. अ‍ॅडॉप्टरचं भोकसुद्धा नसलेला हा गडी संगणकाला बिनदिक्कत सांगतोय की माझं मी बघतो!

खरं सांगितलं असतं तर विंडोजने स्कॅनर लावताक्षणीच हात वर केले असते: या हबवर एवढी वीज नाही, दुसरीकडे लावा. सगळ्यांना लगेच कळलं असतं. खोटं सांगितल्यामुळे विंडोजने सगळ्यांना रुकार दिला. मागण्यांची बेरीज केली: स्कॅनर ५००, डिस्क ५००, गन २००, माउस १००. तेराशे. हबचे शंभर निराळे. मंजूर भार पाचशे.

हे आकडे मागणीचे आहेत, प्रत्यक्ष वापराचे नव्हेत. उपकरण जोडलं की आपल्याला जास्तीत जास्त किती लागेल ते जाहीर करतं, आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. खरोखर किती ओढलं जातंय हे तिथे कोणी मोजत नाही. मदरबोर्डवर पोर्टामागे, पुष्कळदा दोन पोर्टांत मिळून, एक पॉलिमरचा फ्यूज असतो. तो फारच ओढाताण झाली तर तापून रस्ता बंद करतो आणि थंड झाला की पुन्हा उघडतो. फ्यूज जाण्याआधीच्या मधल्या पट्ट्यात सगळा गोंधळ चालतो.

शनिवार, १५ जून

नातवाने मागवलेला यूएसबी मीटर आला. अंगठ्याएवढा. एका बाजूने पोर्टात खोचायचा, दुसऱ्या बाजूला उपकरण. पडद्यावर व्होल्ट आणि अँपियर. आम्ही क्लँप मीटर खांद्याला लावून डोंगर चढलेलो, हे खेळणं बघून हसू आलं. पण मापं बरी देतो.

हबच्या एका तोंडावर मीटर लावला आणि एकेक उपकरण चढवत गेलो. माउस आणि गन: ४.९१ व्होल्ट. डिस्क फिरायला लागली: ४.६२. स्कॅनरने दिवा पेटवून मोटर हलवली: ४.३ च्या आसपास घुटमळला, आणि टुंग. नियमाप्रमाणे अशा हबच्या तोंडाशी ४.४० च्या खाली जाता कामा नये. ग्रंथपालबाई पाठीमागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आमच्या शेतावरच्या मोटरीसारखं?"

अगदी तसंच. त्यांचं शेत फीडरच्या शेपटाला आहे. डीपीजवळच्याची मोटर ठणठणीत, शेवटच्याची गुणगुणते पण पाणी चढवत नाही. आणि तो शिव्या घालतो मोटरवाल्याला.

मग व्होल्ट गेले कुठे? वायरीत. भिंग घेऊन हबच्या वायरीवरची छपाई वाचली. यूएसबीच्या वायरीवर बहुधा बारीक अक्षरांत गेज छापलेला असतो, सगळेच बघतात ती लांबी आणि रंग. डेटाच्या जोडीचा गेज वेगळा, विजेच्या दोन तारांचा वेगळा. या वायरीवर दोन्हीकडे २८. तांब्याच्या २८ गेज तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहम. वायर एक मीटर, जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे ०.४२ ओहम. एक अँपियर ओढला की ०.४२ व्होल्ट वायरीनेच खाल्ले. पिनांचा सैलपणा आणखी वर. चांगल्या वायरीत विजेच्या तारा २४ गेजच्या असतात. तिथे मीटरला ०.०८४ ओहम, त्याच लांबीला त्याच भारावर ०.१७ व्होल्ट जातात. गेज जितका लहान तितकी तार जाड, हे नातवाला दोनदा सांगावं लागलं.

शुक्रवार, २१ जून

वटपौर्णिमा. ग्रंथपालबाई दुपारनंतर आल्या, तोवर टेबल माझ्या ताब्यात.

तात्पुरती सोय केली. वेबकॅम काढला (मासिक सभेखेरीज लागत नाही), स्कॅनर सरळ मागच्या पोर्टात. वायफायचा डोंगल समोर, त्याच्या जागी डिस्क. हबवर फक्त गन आणि माउस. दुपारभर स्कॅनर एकदाही अडला नाही. खर्च शून्य. पण पेनड्राइव्ह लावायला आता जागा नाही आणि सभासद चिडतात.

डिस्कच्या जुन्या डब्यात दोन डोक्यांची वायर सापडली. एक डोकं डेटाचं, दुसरं शेजारच्या पोर्टातून नुसती वीज घ्यायला. याला आमच्या भाषेत आकडा म्हणतात. चालतं, बरेच जण चालवतात, पण यूएसबीच्या नियमात ते बसत नाही. दुसऱ्या डोक्याने काही मागितलेलंच नसतं, गुपचूप ओढतं. आणि दोन्ही पोर्ट एकाच फ्यूजवर असले तर आकडा टाकून फायदा तरी काय?

संध्याकाळी कार्यकारिणी. अध्यक्षांनी विचारलं, हे यूएसबी प्रकरण मुळात आलं कुठून. सांगितलं. १९९६ ची पहिली आवृत्ती. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या. इंटेलमध्ये या कामाचं नेतृत्व अजय भट्ट यांचं, शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. अध्यक्षांचं आजोळ बडोद्याचं, त्यामुळे पुढची पाच मिनिटं सयाजीरावांवर गेली. मी तेवढ्यात मुद्दा पुढे ढकलला: सुरुवातीला ताशी... नव्हे, सेकंदाला १२ मेगाबिट हा वेग होता, कल्पना होती कीबोर्ड, माउस, फार तर प्रिंटर एवढीच. २००० मध्ये ४८० मेगाबिट झाले, २००८ मध्ये ५ गिगाबिट. वेग चारशेपटीने वाढला. वीज मात्र पोर्टामागे ५०० वरून ९०० मिलीअँपवर आली, बस्स. आपण त्यावर डिस्क फिरवतो, स्कॅनर ओढतो, मोबाइल चार्ज करतो.

कार्यवाहांचा आग्रह नव्या संगणकाचाच. आमचं वाचनालय ब वर्गातलं, अनुदान कधी आणि किती येईल ते आल्यावर कळतं. त्यातून पगार, पुस्तकं, नियतकालिकं. आणि नवा घेतला तरी त्यालाही पोर्ट मोजकेच, उपकरणं हीच. शेवटी ठरलं: तीन हजारांच्या आत जे होईल ते करा, पण पक्कं बिल आणा, ऑडिटला लागतं.

मंगळवार, २५ जून

पालख्या पुण्यात यायच्या आत जाऊन यायचं म्हणून आजच निघालो. पहाटेची एसटी, दहाला स्वारगेट, तिथून चालत बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सचं जे मिळत नाही ते शोधायच्या फंदात पडू नये.

पहिल्या दुकानदाराने सात तोंडांचा, प्रत्येक तोंडाला निळा दिवा आणि बटण असलेला हब पुढे केला. "काका, एक नंबर माल." अ‍ॅडॉप्टर दाखवा म्हटलं. ५ व्होल्ट, २ अँपियर. सात पाचे पस्तीस, म्हणजे साडेतीन अँपियर हवेत, इथे दोन. "सगळं एकदम थोडीच लावणार?" तो म्हणाला. मंजूर भारावर हेच उत्तर मी ग्राहकांकडून आयुष्यभर ऐकलं.

तिसऱ्या-चौथ्या दुकानात हवा तसा मिळाला. दिसायला मठ्ठ, दिवे नाहीत, पण अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट ४ अँपियरचा आणि वायर जाड. विकणारा मुलगा हुशार निघाला. म्हणाला, "मागे काळा पोर्ट आहे ना तुमच्याकडे? मग हा ३.० चा हब लावून वेग वाढणार नाही." बरोबर बोलला. निळ्या हबच्या पोटात खरं तर दोन हब असतात, एक जुन्या चार तारांसाठी, एक नव्या पाच तारांसाठी. संगणकाच्या बाजूला जुनंच पोर्ट असेल तर दुसरा अर्धा हब नुसता बसून राहतो. वीज सुधारेल, वेग तोच.

म्हणून सोबत एक पीसीआय एक्सप्रेस कार्डही घेतलं, चार निळे पोर्टवालं. दोन्ही मिळून २,८५०, जीएसटीसकट. मिसळीचे पैसे मी भरले, त्याचं बिल ऑडिटला लागणार नाही.

गुरुवार, २७ जून

कार्ड बसवलं. कॅबिनेट उघडल्यावर आधी धुळीचा बंदोबस्त, ब्रशने.

कार्डाच्या मागच्या कडेला चार पिनांचं पांढरं सॉकेट असतं. बसवणारे बरेचदा ते रिकामंच सोडतात, कारण माउस लावला तर कार्ड त्याशिवायही चालल्यासारखं वाटतं. ते का आहे? जुन्या पीसीआय स्लॉटला ५ व्होल्टची लाईन होती. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटला १२ आणि ३.३ व्होल्ट मिळतात, ५ नाहीत. आणि यूएसबीला तर पाचच हवेत. एका निळ्या पोर्टला ९०० मिलीअँप म्हणजे साडेचार वॉट, चार पोर्टांना अठरा. तेवढे एसएमपीएसमधून थेट आणायला ते सॉकेट. मोलेक्सची लाल तार ५ व्होल्टची, पिवळी १२ ची, मधल्या दोन काळ्या. एसएमपीएसच्या लेबलवर ५ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत ते बघून मगच जोडलं. भरपूर होते.

विंडोज ७ ला यूएसबी ३.० आपणहून कळत नाही, ड्रायव्हर टाकावा लागला. विंडोज ८ पासून तो आतच असतो. कीबोर्ड जुन्या पिनेवर आहे ते बरंच झालं. जुन्या बोर्डाचं बायॉस अशा कार्डावरच्या पोर्टांना बहुधा ओळखत नाही, आणि कधी बायॉसमध्ये शिरायची वेळ आली तर कळ दाबायला काही हवं.

मग चाचणी. ए-फोर पान ३०० डीपीआयवर रंगीत, न दाबता टिफमध्ये ठेवलं तर २६ एमबी होतं. हजार पानांचे २६ जीबी. जुन्या पोर्टवर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास पळायचं, म्हणजे चौदा-पंधरा मिनिटं. कार्डावर डिस्क सेकंदाला शंभर एमबीला टेकली. साडेचार मिनिटांत काम. या जुन्या बोर्डाचा स्लॉट पहिल्या पिढीचा, २५० एमबीच्या वर तो देणार नाही, म्हणजे कार्डाचा पुरा वेग इथे कधीच मिळायचा नाही. पण फिरत्या तबकडीची डिस्क शंभरावर थकते, मग उरलेला रस्ता मोकळा पडला तरी बिघडलं काय? संगणक बदला म्हणणाऱ्यांनी हे गणित करावं.

दुपारी नवी कटकट. डिस्कवर कॉपी सुरू झाली की वायफाय रांगायला लागतं. मी डोंगल परत मागे, डिस्कच्या शेजारी, लावला होता. यूएसबी ३.० च्या तारांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, म्हणजे वायफाय आणि बिनतारी माउसच्या वाटेत. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर टिपण काढलं होतं. डोंगलला हातभर एक्स्टेन्शन लावून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेला. वायफाय उठून बसलं.

रविवार, ३० जून

कार्यवाह घरचा एक हब घेऊन आले, अ‍ॅडॉप्टरवाला, कपाटात पडून होता. "फुकट आहे, बालविभागाला लावून टाका."

फुकट असो वा विकत, लावण्याआधी एक तपासणी करतो. हबला त्याचा अ‍ॅडॉप्टर जोडायचा, पण संगणकाकडे जाणारी वायर मोकळी ठेवायची, आणि त्या मोकळ्या टोकाशी व्होल्ट मोजायचे. तिथे काही येता कामा नये. पुण्याहून आणलेल्या मठ्ठ हबला असंच मोजलं होतं, शून्य होतं. या हबच्या टोकाशी ४.७ व्होल्ट.

याला बॅक फीड म्हणतात, आणि हा शब्द मला हलकेपणाने लिहिता येत नाही. लाईन बंद करून वायरमन खांबावर चढतो, आणि खालच्या एखाद्या दुकानातला जनरेटर चेंजओव्हर न टाकता सुरू होतो. पुढचं लिहायला नको. इथे जीव जाणार नाही, पण बंद केलेल्या संगणकाच्या ५ व्होल्टच्या लाईनमध्ये बाहेरून वीज शिरते. बंद करूनही दिवे मिणमिणतात, कधी सुरूच होत नाही, आणि लोक बोर्ड जळाला म्हणून दुरुस्तीला नेतात. हबमध्ये वीज उलट जाऊ न देणारा एक छोटा भाग घालायचा असतो, तो वाचवलेला.

कार्यवाहांना हब परत दिला. थोडे नाराज झाले. घरी मोबाइल चार्ज करायला वापरा, त्याला उत्तम आहे, म्हटलं.

मंगळवार, ९ जुलै

काल रात्री वीज आली-गेली करत होती, आज सकाळी अकराला पुन्हा गेली. यूपीएसवर संगणक चालू राहिला, पण डिस्क गायब आणि कॉपी अर्धवट. बाईंचा फोन: "काका, तुमच्या नव्या हबने पण दगा दिला."

गेलो. हब निर्दोष. शिपायाने मोबाइल चार्जरसाठी यूपीएसचं सॉकेट मोकळं करून हबचा अ‍ॅडॉप्टर भिंतीच्या बोर्डात लावला होता. वीज जाताच हब संगणकाच्या विजेवर आला, त्या धक्क्यात सगळी उपकरणं सुटली. डिस्कवर लिहिणं चालू असताना असं होणं वाईटच. सुदैवाने फाइल तपासणीत फक्त शेवटची काही पानं गेली, आणि तो खंड अजून टेबलावरच होता. अ‍ॅडॉप्टर परत यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटमध्ये. यूपीएसला काही सॉकेट नुसती सर्ज संरक्षणाची असतात, बॅटरीची नव्हेत, तेही बघून घेतलं.

हे करताना दिसलं की वायफाय राउटरच्या अ‍ॅडॉप्टरची गोल पिन हबच्या भोकात तंतोतंत बसते. तो १२ व्होल्टचा आहे. अदलाबदल झाली तर हबबरोबर त्यावरचं सगळंच जाईल. दोन्ही पिनांवर रंगीत टेप गुंडाळला, हबला लाल, राउटरला निळा. भिंतीवर कागद लावून उपयोग नसतो, कोणी वाचत नाही.

बालविभागाचं मशीन संध्याकाळी उघडून पाहिलं. आणखी जुनं, पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉटच नाही, दोन पांढरे पीसीआय. म्हणजे ३.० विसरायचं, २.० चं पीसीआय कार्ड मिळालं तर बघायचं. या स्लॉटला ५ व्होल्ट असतात, निदान ती एक काळजी नाही. मुलांना तिथे दोन हेडफोन, माउस आणि एक पेनड्राइव्ह एवढंच लागतं. हेडफोनचा भार उद्या मीटरवर मोजायचा. एसएमपीएसचं लेबल पुसलेलं आहे, त्याचंही काहीतरी बघावं लागेल.